सुलतान खान : एका जुन्या भाषणाची दुरुस्ती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो. सहलीची गंमत, मधल्या सुट्टीतला चिवडा, मार्चमध्येच तापायला लागलेल्या अकोल्यातले पत्र्याखालचे वर्ग, हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या बॅचमध्ये भरपूर आहेत. पण शाळेचं एक जुनं देणं माझ्याकडे राहून गेलंय आणि ते फेडायला याहून बरी जागा मला सापडायची नाही.

१९७७ चं गॅदरिंग आठवतं का? आपण नववीत होतो. वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता माझा आवडता खेळाडू. बहुतेकांनी गावसकर घेतला, दोघातिघांनी ध्यानचंद. मी सुलतान खान घेतला, कारण त्या वर्षी गणिताच्या सरांनी आम्हा चार-सहा पोट्ट्यांना मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचं वेड लावलं होतं आणि हे नाव मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. भाषण असं होतं : पंजाबातला एक अडाणी नोकर. अक्षरओळख नाही. मालक त्याला विलायतेला नेतो. तिथे तो साहेबांना त्यांच्याच खेळात हरवतो, जगज्जेत्या कापाब्लांकाला लोळवतो, आणि रात्री घरी येऊन मालकाच्या पाहुण्यांना ताटं वाढतो. शेवटच्या वाक्याला माझा आवाज कापरा झाला होता (तो घरी आरशासमोर बसवलेला होता), टाळ्या पडल्या आणि मला पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून आमच्याकडे आहे. सध्या त्यात मेथीदाणे असतात.

पुढे तीसेक वर्षं मी हीच गोष्ट सांगत राहिलो. माझ्या मुलांना सांगितली, भाच्यांना सांगितली, उन्हाळी शिबिरात येणाऱ्या पोरांना तर दरवर्षी सांगितली. त्यातलं निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं दुरुस्त करायचं राहिलंय. आणखी एक : त्या भाषणात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना अरे-तुरे केलं होतं. तेही आज सुधारतो.

सुलतान खान यांचा जन्म १९०३ चा धरतात. गाव मिठा टिवाणा, तेव्हाच्या एकसंध पंजाबात, आता पाकिस्तानच्या खुशाब जिल्ह्यात. सुलतान हे त्यांचं साधं नाव होतं, पदवी नव्हे. युरोपात मात्र पुष्कळांचा त्यावरून घोटाळा झाला आणि कुणी संस्थानिक आलाय असं लोकांना वाटलं. वडील चांगले खेळणारे होते. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यांच्याकडूनच खेळ शिकला आणि एकविशीत पंजाबातला सगळ्यात तगडा खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला.

पण तो कुठला खेळ, हे आधी सांगायला हवं. आपल्या पिढीतल्या ज्यांनी घरच्या ओसरीवर आजोबांना खेळताना पाहिलंय त्यांना लगेच कळेल. आमच्या ओसरीवर जुन्या देशी पद्धतीचाच डाव मांडला जायचा. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं, दोन नाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, त्याला शह लागण्याआधी, एकदाच घोड्याची उडी मारता येते. प्यादं पलीकडे पोचलं की सरसकट वजीर होत नाही, ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचेल ते मोहरं होतं. या नियमांमुळे डाव सावकाश तापतो. सुरुवातीला मारामारी नाही, आधी घर बांधायचं, मग भिंत पुढे सरकवायची. आमचे आजोबा दुपारी जेवणानंतर बसले की दिवेलागणीपर्यंत एकच डाव चालायचा. सुलतान खान या खेळात तयार झाले होते. विलायती नियम त्यांना नंतर शिकावे लागले, आणि ते शिकवण्याची सोय केली सर उमर हयात खान टिवाणा यांनी.

सर उमर हे त्या भागातले मोठे जमीनदार, फौजेतले मानकरी, इंग्रज सरकारच्या मर्जीतले. बुद्धिबळाचा शौक होता. सुलतान खान यांना त्यांनी आपल्या आश्रयाला घेतलं. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा झाली, त्यात सुलतान खान यांनी नऊपैकी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकही हरले नाहीत. पुढच्या वर्षी सर उमर लंडनला गेले आणि त्यांना सोबत घेऊन गेले.

लंडनला पोचल्यावर सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली आणि तीत सुलतान खान तळाला राहिले. हे मी भाषणात घेतलं नव्हतं, कारण गोष्टीत बसत नव्हतं. खरं म्हणजे तिथेच गोष्ट आहे. युरोपातले खेळाडू ओपनिंग म्हणून पहिल्या दहा-बारा चालींची जी घोकंपट्टी करून येतात ती यांच्याजवळ नव्हतीच. यात्स आणि विंटर या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली. काही आठवड्यांनी, ऑगस्ट १९२९ मध्ये, रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती त्यांनी जिंकली. १९३२ ला पुन्हा जिंकली, १९३३ ला पुन्हा. चार वर्षांत उतरले तेवढ्या ब्रिटिश स्पर्धांत एकदाच ते हुकले.

बाकीची कामगिरी भराभर सांगतो. १९३० मध्ये लिएजला तार्ताकोव्हरच्या मागे दुसरे. १९३१ च्या सुरुवातीला त्याच तार्ताकोव्हरशी बारा डावांचा सामना, आणि त्यात अर्ध्या गुणाच्या नाही तर पूर्ण एका गुणाच्या फरकाने विजय. हँबुर्ग, प्राग आणि फोकस्टन अशा तीन ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर बसले. म्हणजे समोर प्रत्येक देशाचा सगळ्यात बलाढ्य खेळाडू. १९३१ ला प्रागमध्ये त्यांनी फ्लोर आणि रुबिनस्टाइन या दोघांना हरवलं आणि तेव्हाचा जगज्जेता अलेखिन याच्याशी बरोबरी केली. सतरा डावांत फक्त दोन हरले.

आता तो डाव. सरांनी हा डाव आम्हाला फळ्यावर मांडून दाखवला होता, दोन मधल्या सुट्ट्या लागल्या होत्या. ज्यांना बुद्धिबळात रस नाही त्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद सोडून दिले तरी माझी हरकत नाही, पण मी मात्र इथे जरा रेंगाळणार.

हेस्टिंग्ज, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, नाताळात सुरू होणारी १९३०-३१ ची स्पर्धा. समोर क्यूबाचा कापाब्लांका. भाषणात मी त्याला जगज्जेता म्हणालो होतो, तेही चूक : १९२१ ते १९२७ तो जगज्जेता होता, नंतर अलेखिनने त्याला उतरवलं होतं. पण हरणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. एकेकाळी तो आठ वर्षं एकही डाव हरला नव्हता. पांढरी मोहरी सुलतान खान यांच्याकडे. कापाब्लांकाने काळ्या मोहऱ्यांनी जो बचाव निवडला त्याला क्वीन्स इंडियन म्हणतात. या इंडियन नावाचं मूळ कलकत्त्यात आहे. १८५० च्या दशकात तिथे कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी पुष्कळ डाव खेळला. मोहेशचंद्र देशी नियमांत वाढलेले, त्यामुळे प्यादी एकेक घर सरकवून, उंट बाजूच्या कोपऱ्याकडून लांब तिरपीवर बसवायची त्यांची सवय. ते डाव छापले गेले आणि पुढे १९२० च्या दशकात युरोपातल्या नव्या खेळाडूंनी तशा मांडणीला भारतीय हे नाव रुळवलं. तेव्हा हेस्टिंग्जला असं दृश्य होतं की क्यूबाचा माणूस भारतीय बचाव खेळतोय आणि भारतातला माणूस तो फोडायला बसलाय.

पाचव्या चालीला सुलतान खान यांनी डावीकडच्या टोकाचं, हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे केलं. ए३. एवढंच. फळ्यावर ही चाल आली तेव्हा आम्ही हसलो होतो. मोहरी बाहेर काढायच्या वेळी कडेचं प्यादं हलवणं म्हणजे पाहुणे दारात उभे असताना फडताळ आवरत बसणं. सरांनी मग समजावलं. काळ्याला मधल्या ई४ या घरावर ताबा हवा असतो. त्यासाठी त्याचा एक उंट बी७ वर बसलेला असतो, आणि दुसरा उंट बी४ वर येऊन पांढऱ्याचा घोडा खिळवून टाकतो. त्या एका घराच्या चालीने बी४ चं दार बंद झालं. आता काळ्याला मध्यात प्यादं घालणं भाग पडलं. ते त्याने घातलं, तिथे मारामार झाली आणि काळ्याचं स्वतःचंच प्यादं डी५ वर येऊन बसलं, बरोबर बी७ च्या उंटाच्या वाटेत. हा उंट तिसऱ्या चालीला बी७ वर येऊन बसला होता, तो तिथून हलला ५२ व्या चालीला. कापाब्लांकासारख्या माणसाचा उंट एकोणपन्नास चाली एका घरात बसून राहिला!

या मांडणीला आज जगभर पेट्रोशियन पद्धत म्हणतात. आर्मेनियाचा तिग्रान पेट्रोशियन १९६३ ते १९६९ जगज्जेता होता, त्याने ही ए३ ची चाल नावारूपाला आणली, आणि १९८० च्या सुमारास तरुण कास्पारोव्हने तिच्यावर सपाट्याने डाव जिंकले. मी दोघांचे डाव मांडून पाहिले आहेत. पाच चालींनंतरचा पट आणि हेस्टिंग्जच्या डावाचा पाच चालींनंतरचा पट शेजारी ठेवा, एका प्यादाचाही फरक नाही. चालींचा क्रम थोडा वेगळा, बस. ओपनिंगची नावं अशीच पडतात, ज्याने चाल आधी खेळली त्याचं नाव लागतंच असं नाही, ज्याने ती पुन्हा पुन्हा खेळून गाजवली त्याचं लागतं. त्यात पेट्रोशियनचा दोष काहीच नाही. पण मला अजून वाटतं की देशी पद्धतीत वाढलेल्या माणसाला ती एका घराची चाल सुचणं किती सहज होतं. घोकलेल्या ओपनिंगमधून ती येणार नव्हती, ओसरीवरून येणार होती. हा आपला माझा तर्क.

डावाच्या मध्यावर कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती सी-पट्टीत एकामागे एक येऊन उभे राहिले. पाहणाऱ्याला वाटावं आता पांढऱ्याचं काही खरं नाही. सुलतान खान यांनी तोवर किल्लेकोट केलाच नव्हता. उलट राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटली होती. मग त्यांनी एक उंट अशा घरात नेला की मागच्या हत्तीवर मारा आला. कापाब्लांकाने हत्ती आत घुसवून शह दिला, मग दुसऱ्याने शह दिला, आणि या चकमकीत पांढऱ्याचा वजीर गेला, बदल्यात काळ्याचे दोन्ही हत्ती गेले. दोन हत्ती म्हणजे वजिरापेक्षा किंचित जास्त, पण कधी? जेव्हा राजा सुरक्षित असेल आणि वजिराला शिरायला फट नसेल तेव्हा. सुलतान खान यांनी नेमकी फटच ठेवली नाही. पुढच्या चाळीस चालींत कापाब्लांकाचा वजीर एच३, एच४, जी२ अशी घरं घेत, दारं बंद असलेल्या वाड्याभोवती घिरट्या घालावा तसा फिरत राहिला. आत पांढऱ्याने काही घाई केली नाही. राजा पायी चालत गेला : डी२, सी२, पुन्हा डी२, सी१, बी२, ए३, पुन्हा मागे, कोपऱ्यात ए१ पर्यंत, आणि शेवटी परत डी२ वर. हत्ती सी-पट्टीतून सहाव्या ओळीत शिरला, बी-प्यादं पुढे सरकलं, आणि ६५ व्या चालीला, ते प्यादं आता थांबत नाही हे दिसल्यावर, कापाब्लांकाने डाव सोडला.

त्या स्पर्धेत ऑयवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरे आले.

मी आणि ए३ ची एक छोटी गोष्ट सांगून पुढे जातो. दहावीच्या वर्षी आपल्या शाळेचा संघ अमरावतीला आंतरशालेय स्पर्धेला गेला होता. पॅसेंजरने मूर्तिजापूर, बडनेरा, तिथून बस. मी अमरावतीच्या एका मुलाविरुद्ध मोठ्या ऐटीत पाचव्या चालीला ए३ खेळलो. तो काळ्या मोहऱ्यांनी भलतंच काहीतरी खेळत होता, बी४ वर त्याचा उंट येण्याचा प्रश्नच नव्हता. बावीस चालींत मी आटोपलो. परतीच्या गाडीत सर इतकंच म्हणाले की दार कुठलं आहे ते बघून कडी लावायची असते.

आता दुरुस्ती.

माझ्या भाषणातलं सगळ्यात टाळ्या घेणारं वाक्य ताटं वाढण्याचं होतं. ते मूळ अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन याच्या आठवणीतून आलंय. १९३३ मध्ये अमेरिकेच्या संघाला सर उमर यांनी लंडनच्या घरी जेवायला बोलावलं, आणि ज्याच्याशी आपण पटावर लढतो तो इंग्लंडचा विजेताच जेवण वाढतोय हे पाहून पाहुणे ओशाळले, असं फाइनने लिहिलं. फाइन तिथे हजर होता, तेव्हा प्रसंग घडला यात शंका घ्यायचं कारण नाही. शंका आहे ती अर्थाची. २०२० मध्ये सुलतान खान यांच्यावर एक इंग्रजी पुस्तक आलं, त्याच्या नावातच त्यांना नोकर म्हटलं होतं. तेव्हा त्यांच्या नातीने जाहीरपणे लिहिलं की आमचे आजोबा नोकर नव्हते. घर जमीनजुमल्याचं होतं, गावात मान होता, आणि त्यांना लिहिता-वाचता येत होतं. अडाणी नोकर ही प्रतिमा इंग्रज आणि अमेरिकन लेखकांनी एकमेकांचं वाचून तयार केली.

हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण अस्वस्थ झालो खरा. मला एकदम आपल्याकडच्या पंगती आठवल्या. वऱ्हाडातल्या कुठल्याही लग्नात मुलीचा काका, मामा, चुलत भाऊ, सगळे उपरणं कमरेला बांधून वाढायला उभे असतात. इंजिनिअर असोत की तहसीलदार. पहिल्यांदाच अशी पंगत बघणाऱ्या परदेशी माणसाला ती सगळी नोकरमाणसंच वाटतील. सर उमर यांच्या घरी त्या रात्री नेमकं काय होतं, आश्रिताची चाकरी की घरच्या माणसाचं आतिथ्य, हे आज ठरवता येणार नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाने अकोल्यात उभं राहून ते चाकरीच होती असं छातीठोक सांगावं, हे काही बरोबर नव्हतं.

दुसऱ्या टोकालाही जायला नको. सगळं गोड होतं असंही नाही. कुठे जायचं, किती राहायचं, कधी परतायचं हे सर उमर ठरवत होते. इंग्लंडची हवा सुलतान खान यांना कधी मानवली नाही. हिवताप, सर्दी, घशाचं दुखणं पाठीशीच असायचं, कित्येकदा ते गळ्याभोवती पट्टी गुंडाळून डावाला बसायचे. त्याच घरात फातिमा नावाची एक तरुणी होती. ती तिथेच बुद्धिबळ शिकली आणि १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकली, म्हणजे त्या वर्षी पुरुषांचं आणि स्त्रियांचं अशी दोन्ही विजेतेपदं सर उमर यांच्याच घरात होती. या फातिमा यांनी पुढे आठवण सांगितली की परत निघाल्यावर सुलतान खान यांना तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं होतं. हे वाक्य माझ्या भाषणात बसलं असतं आणि खरंही होतं, पण तेव्हा सरांनाही ते ठाऊक नसावं.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर परत आले आणि सुलतान खान त्यांच्यासोबत. वय तेव्हा तीस. बुद्धिबळपटूची ऐन बहराची वर्षं पुढे होती. त्यानंतर त्यांचा एकच सामना नोंदला गेलाय, आणि तो आपल्या मराठी माणसाशी : १९३५ मध्ये वि. का. खाडिलकरांशी दहा डाव झाले, खाडिलकरांनी एक बरोबरीत सोडवला, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्या नऊ पराभवांपेक्षा मला त्या एका बरोबरीचं कौतुक वाटतं. तार्ताकोव्हरला हरवलेल्या माणसाशी बरोबरी करणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे सुलतान खान गावाकडे शेतीत रमले. १९४४ मध्ये सर उमर वारले. फाळणी झाली. मुलांना त्यांनी खेळ शिकवला नाही, काहीतरी अधिक उपयोगाचं करा असं सांगितलं. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला, सरगोध्यात.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ग्रँडमास्टर हा किताब पहिल्यांदा दिला, सत्तावीस जणांना. त्यात तार्ताकोव्हर होता, रुबिनस्टाइन होता, फ्लोर होता. रुबिनस्टाइन तर कितीतरी वर्षं स्पर्धेत उतरलाही नव्हता, जुन्या कर्तृत्वासाठी त्याला मान दिला, आणि ते योग्यच होतं. या तिघांनाही ज्याने हरवलं होतं तो माणूस तेव्हा हयात होता आणि पंजाबात शेती करत होता. त्याचं नाव यादीत नव्हतं. भारताचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून आपण १९८८ मध्ये विश्वनाथन आनंदला ओळखलं, आणि तेही बरोबरच, कारण सुलतान खान तोवर दुसऱ्या देशाचे झाले होते आणि कागदावर कुठल्याच देशाचे ग्रँडमास्टर नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. महासंघाचे अध्यक्ष द्वोर्कोविच पाकिस्तानात गेले असताना हा मान जाहीरपणे दिला गेला. ती बातमी मी सकाळी मोबाइलवर वाचली आणि आधी सरांचा नंबर शोधायला लागलो. सर जाऊन बारा वर्षं झाली हे दोन क्षण विसरलोच होतो.

आता शिबिरात पोरं येतात ती आपल्यापेक्षा फार पुढची आहेत. अमरावतीचा स्वप्निल धोपडे ग्रँडमास्टर झालेला त्यांना ठाऊक असतो, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिलांचा विश्वचषक जिंकलेला त्यांनी चाल न चाल थेट पाहिलेला असतो. त्यांना ए३ दाखवली की लगेच पेट्रोशियन म्हणतात. मी हो म्हणतो आणि फळ्यावर त्याच्या शेजारी हेस्टिंग्ज १९३०-३१ एवढं लिहून डाव मांडायला घेतो. नोकराची गोष्ट आता सांगत नाही. एका मुलीने मध्येच विचारलं होतं की मग त्यांना पगार कोण द्यायचं. मला उत्तर देता आलं नाही.

परीक्षकांपैकी जे कुणी असतील त्यांना सांगायचं ते इतकंच की त्या भाषणाचे गुण कापायचे असतील तर खुशाल कापा. डबा परत करायची तयारी आहे, मेथीदाण्यांसाठी घरी दुसरी सोय करावी लागेल. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर मी व्हरांड्यात पट मांडून बसणार आहे, हेस्टिंग्जच्या डावाच्या पाच चाली आधीच खेळून ठेवलेला. काळ्या मोहऱ्यांकडून ज्याला बसायचंय त्याने यावं. बी७ च्या उंटाचं काय करायचं ते मात्र घरून ठरवून या.